बॉनेटखालचे नातेवाईक

मागच्या अंकात खानदेशातल्या वाचकांना आवाहन केलं होतं: घरात, खळ्यात किंवा नात्यात कुणाकडे जुनी ब्रिटिश वंशाची गाडी असेल, तर तिच्याबद्दल विचारा. पत्रं बरीच आली. एकाच दुखण्याची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

वडिलांनी घेतलेली १९६५ ची अॅम्बेसेडर अजून चालू आहे. सावद्याचे एक फिटर सांगतात की हिचं इंजिन एमजी नावाच्या स्पोर्ट्स कारचंच आहे, दोन कार्बोरेटर बसवा, गाडी पळेल. खरं का?
केळी बागायतदार, फैजपूर

नात्याचं खरं आहे, पळण्याचं नाही. तुमच्या गाडीत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज इंजिन आहे. बोअर ७३ मिमी, स्ट्रोक ८९ मिमी, एकूण १४८९ सीसी. १९५५ मध्ये एमजीए बाजारात आली ती याच १४८९ सीसीच्या इंजिनावर. मग एमजीएला ६८ ते ७२ हॉर्सपॉवर आणि तुमच्या गाडीला पन्नास-पंचावन्न, असं का? एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३, तुमचं सातच्या थोडं वर. तिला दीड इंची एसयू कार्बोरेटर दोन, तुम्हाला एक सोलेक्स. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हही वेगळे.

ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा बहुतेक धंदा याच युक्तीवर चालला. घरगुती सलूनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल उचलायचं, हलक्या बुटक्या बॉडीत बसवायचं, कॉम्प्रेशन वाढवायचं आणि वर दोन कार्बोरेटर. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅराजेसमध्ये सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर हेच केलं, एमजी ही अक्षरं त्याच गॅरेजची. ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये (१९५८) मॉरिस मायनरचंच ९४८ सीसी इंजिन होतं. तुमची अॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीनवरून बनली. ती मूळ गाडी इंग्लंडात १९५९ मध्ये बंद झाली, आपल्याकडे बंगालातल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत चालली.

आता कार्बोरेटर. हेडचे स्टड जुळतात, एमजीचा मॅनिफोल्ड बसेल. पण कॅमशाफ्ट आणि कॉम्प्रेशन जुनंच राहिलं तर हाती चार-पाच हॉर्सपॉवर येतील आणि एव्हरेज जाईल. सगळंच बदललं, तर खालचा क्रँक तीन बेअरिंगचा आहे आणि पुढे ड्रम ब्रेक आहेत, हे विसरू नका. एमजीला पाच बेअरिंगचा क्रँक १९६४ मध्ये, १७९८ सीसीच्या एमजीबीत मिळाला. तोच पैसा हेडवर घाला. शिशाचं पेट्रोल देशभरात २००० मध्ये बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं राखायचं. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीत हळूहळू रुततो. खूण अशी: टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांतली फट) दर खेपेला कमी झालेलं सापडतं. वाढत नाही, घटतं. मग टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून माणूस खूश असतो आणि व्हॉल्व्ह जळत असतो.

टॅपेट लावताना नवाचा नियम वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याचं अंतर लावा, सातवा उघडा असताना दुसऱ्याचं, बेरीज नऊ आली पाहिजे. त्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. चारही सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. हेड उतरलंच तर लेथवाल्याकडून एक्झॉस्टला कडक पोलादी सीट-रिंगा बसवून घ्या. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. नव्या गाड्यांच्या पातळ सिंथेटिक ऑइलमध्ये जस्त कमी असतं, त्याने जुने सपाट टॅपेट आणि कॅमचे लोब घासले जातात.

काकांच्या स्टँडर्ड हेराल्डचं पुढचं चाक लळिंग घाटाखाली वळताना आडवं पडलं. वेग वीसचासुद्धा नव्हता. दर सर्व्हिसला ग्रीस मारलेलं आहे. मग तुटलं कसं?
एक वाचक, धुळे

ग्रीस मारलं म्हणूनच तुटलं. हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खाली किंगपिन किंवा बॉल जॉइंट नाही. पोलादी उभ्या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेले आहेत आणि ते पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात फिरतात. त्याला ट्रुनियन म्हणतात. स्टीअरिंग वळवलं की दांडा आट्यांवर फिरतो, म्हणजे वंगण तळापर्यंत उतरलं पाहिजे. कंपनीने तिथे गिअर ऑइल सांगितलं होतं, ईपी ९०. आपल्याकडे निपल दिसला की ग्रीस, ही सवय. ग्रीस वरच्या दोन-चार आट्यांत घट्ट बसतं, खाली पाणी आणि धूळ साचते, दांड्याला आट्याच्या मुळाशी गंज धरतो आणि एक दिवस तिथेच मोडतो. कमी वेगात, पूर्ण वळवताना मोडतो, कारण तेव्हा पिळवटणारा जोर सर्वांत जास्त असतो. काका वाचले हे बरं झालं, पण दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे. दोन्ही बदला.

बसवताना: डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट आहेत, अदलाबदल करू नका. ट्रुनियन शेवटपर्यंत फिरवून घ्या, मग मागे सोडा, दोन्ही टोकांपर्यंत वळवताना ते तळाला टेकता कामा नये. ईपी ९० भरलेली वेगळी गन ठेवा आणि वरच्या सीलपाशी ऑइल डोकावेपर्यंत भरा. दर ३,००० किलोमीटरला एकदा, शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा. जुनं ग्रीस आधी डिझेलने धुऊन काढा, नाहीतर ऑइल त्याच्या वरच अडून राहील.

हेराल्डच्या मागच्या चाकांचाही एक स्वभाव आहे. आडवा पाटा आणि झुलता अर्धा-अॅक्सल असल्याने गाडीचा मागचा भाग उचलला गेला की चाकं खालून आत वळतात. घाट उतरताना वळणात शिरून मग ब्रेक मारला किंवा एकदम पाय सोडला, तर नेमकं हेच घडतं आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. ब्रेक वळणाआधी उरकायचा आणि वळणात पाय हलका दाबलेला ठेवायचा. स्पिटफायर ही १९६२ ची स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच चेसिसवर, ती आखूड करून बनवली होती, त्यामुळे हा दोष तिच्यातही उतरला. १९७० च्या मार्क चारमध्ये पाटा मधोमध झुलता करून तो बराचसा घालवला. आपल्याकडे हेराल्डच्याच पुढच्या आवृत्तीला, स्टँडर्ड गॅझेलला, मागे साधा अखंड अॅक्सल दिला.

जाता जाता, अनेकांनी विचारलंय की १९५९ च्या गाडीला वेगळी चेसिस का. बॉडीचे पत्रे दाबून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली, स्टँडर्ड-ट्रायम्फला अखंड बॉडी करून देणारं कुणी उरलं नाही. म्हणून जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी नट-बोल्टने जोडायचे सुटे पत्रे असलेली गाडी आखली. अशी गाडी मद्रासला सुट्या भागांतून जोडायला सोयीची पडली. तुम्हालाही त्याचा फायदा आहे, गंजलेला मडगार्ड कापावा लागत नाही, बोल्ट सोडून उतरवता येतो.

सासऱ्यांच्या खळ्यात स्टँडर्ड २००० पडून आहे. लोक तिला रोव्हर म्हणतात. इंजिनाचं ऑइल दुधासारखं झालंय. गावातले फिटर हात लावत नाहीत. पार्ट कुठे मिळतील?
एक वाचक, शिरपूर

कारचे फिटर हात लावत नसतील तर जुने ट्रॅक्टर उघडणारा माणूस शोधा. विनोद नाही. बॉडी रोव्हर एसडी१ ची आहे, १९७७ ची युरोपची कार ऑफ द इयर. मूळ गाडीत साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ होतं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९८५ मध्ये ती आणली तेव्हा त्या जागी दोन लिटरचं चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवलं, व्हॅनगार्ड घराण्यातलं. जड गाडी, जुनं इंजिन, किंमत भरमसाट आणि समोर मारुती. तीन-चार वर्षांत कारभार आटोपला.

पण त्या इंजिनाचं कुळ मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड कंपनी हॅरी फर्ग्युसन यांच्यासाठी टीई२० ट्रॅक्टर बनवत होती आणि त्याच आराखड्याचं इंजिन व्हॅनगार्ड मोटारीतही होतं: ८५ मिमी बोअर, ९२ मिमी स्ट्रोक, २०८८ सीसी. १९५३ च्या ट्रायम्फ टीआर२ साठी बोअर ८३ मिमी केला, १९९१ सीसी झाली, म्हणजे दोन लिटरखालच्या शर्यतीच्या गटात बसली, आणि ९० हॉर्सपॉवर निघाले. नांगराला जुंपलेलं आणि ताशी शंभर मैल पळणारं इंजिन एकाच घरातलं. (ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे म्हणून: १९४७ मध्ये अॅस्टन मार्टिन विकत घेणारे डेव्हिड ब्राउन हेही गिअर आणि ट्रॅक्टरवाले. डीबी५ मधला डीबी तो त्यांचाच.)

या इंजिनात ओले लायनर आहेत. लायनर ब्लॉकमध्ये ठोकलेला नसतो, वरून सोडलेला असतो, त्याच्याभोवती थेट पाणी खेळतं. खाली इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गॅस्केट दोन लायनरांना मिळून एक, आणि वरून हेड दाबून धरतं. ऑइल दुधाळ होण्याचं पहिलं कारण हेच गॅस्केट, दुसरं हेड गॅस्केट. पडून राहिलेल्या गाडीत बहुधा खालचं गंजून गेलेलं असतं.

काम असं करा. गाडी सुरू करायचा मोह आवरा, पाणी मिसळलेल्या ऑइलवर पाच मिनिटं इंजिन चाललं तरी बेअरिंग जातात. हेड उतरवा. हेड नसताना क्रँक फिरवायचा नाही, पिस्टन लायनरला वर ओढतो आणि चांगलं असलेलं गॅस्केटही फाटतं. फिरवणं भागच असेल तर जाड वॉशर आणि नळीचे तुकडे घालून लायनर स्टडवर दाबून ठेवा. लायनर काढल्यावर ब्लॉकमधली खालची बैठक पितळी ब्रशने आरशासारखी साफ करा. इथे वाळूच्या कणाएवढा गंज राहिला तरी लायनर तिरका बसतो. नवी गॅस्केट घालून लायनर बसवा आणि ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून किती वर येतो ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजा: तीन ते पाच हजारांश इंच. कमी असेल तर हेड त्याला दाबणार नाही आणि महिनाभरात पुन्हा दूध. चारही लायनर एकमेकांशी जुळले पाहिजेत.

गॅस्केट मागताना व्हॅनगार्डचं, स्टँडर्ड २० व्हॅनचं किंवा टीआरचं म्हणून मागा आणि बोअर आधी मोजून घ्या. ‘रोव्हरचं द्या’ म्हणालात तर व्ही-८ चं येईल.

एमजीबीला १९७४ नंतर काळे रबरी बंपर का आले? गाडी विद्रूप दिसते.
महाविद्यालयीन वाचक, चाळीसगाव

अमेरिकेमुळे. निम्म्याहून जास्त गाड्या तिकडे जात होत्या, तिथल्या नियमांप्रमाणे बंपरला हळू धडक सोसावी लागे आणि तो ठरावीक उंचीवर हवा होता. नवी गाडी आखायला ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता, म्हणून आहे तीच सुमारे दीड इंच उचलली. वळणात ती झुकू लागली. ही लेलँड १९६८ च्या विलीनीकरणातून झाली, त्यात एमजी आणि ट्रायम्फ एकाच घरात आले आणि एकमेकांचेच गिऱ्हाईक पळवू लागले. १९७५ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पण ऑक्टोबर १९८० मध्ये अॅबिंग्डनचा एमजी कारखाना बंद पडला. आमच्या मते कारागिरांपेक्षा हिशेबवह्यांनी त्या गाड्या मारल्या.

आजोबांची एमजी टीडी आहे. एप्रिल-मेमध्ये जळगावहून फर्दापूरकडे निघालो आणि वाटेत चहाला थांबलो की पुन्हा सुरू होत नाही. पंप मात्र भराभर टकटक करतो. पंपावर ओलं फडकं टाकलं की दहा मिनिटांनी चालू. रेडिएटरही उकळतो. दोष इथेनॉलचा की उन्हाचा?
एक वाचक, जळगाव

दोन्हींचा, आणि थोडा टीडीच्या रचनेचा. तुमच्या गाडीचा एसयू पंप बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्यावर आहे आणि टाकी मागे. म्हणजे पंप पेट्रोल लांबून ओढतो. ओढणाऱ्या नळीत दाब कमी असतो, तिथे पेट्रोल लवकर उकळतं. पेट्रोलचे हलके घटक साध्या दाबालाही ३५-४० अंशांपासून वाफ होऊ लागतात. आपल्याकडे बाहेरच ४४-४५. चालत्या गाडीत वारा असतो, थांबलं की एक्झॉस्टची सगळी ऊब बॉनेटखाली कोंडते. पंप भराभर टकटकतो याचा अर्थ तो पेट्रोलऐवजी वाफ ओढतोय. मुळीच टकटकत नसता तर त्याचे पॉइंट चिकटले असं समजलं असतं. म्हणूनच ओलं फडकं काम करतं.

कायमचा इलाज म्हणजे पंप मागे, टाकीजवळ आणि खालच्या पातळीला नेणं. ओढण्याऐवजी ढकलत आणलेलं पेट्रोल सहज उकळत नाही. पुढच्या टीएफ मॉडेलमध्ये कंपनीनेही पंप मागेच नेला. जुना पंप जागेवर दिसायला राहू द्या. मागचा पंप मात्र कमी दाबाचाच घ्या. दाब जास्त झाला तर कार्बोरेटरची सुई पेट्रोल रोखू शकत नाही आणि फ्लोट चेंबर ओसंडून पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर लांब घ्या आणि कार्बोरेटरखाली अॅल्युमिनियमचा पत्रा आडवा लावा.

आता इथेनॉल. आजचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं आणि पातळ मिश्रणाने इंजिन आणखी तापतं. एसयूमध्ये दुरुस्ती सोपी आहे. जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू फिरवून जेट खाली घ्या, दोन्ही कार्बोरेटरांवर सारखं. मग इंजिन गरम असताना कार्बोरेटरमधला पिस्टन एक मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी उचलून बघा. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन लगेच मरू लागलं तर पातळ, क्षणभर वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. डॅशपॉटमध्ये पातळ ऑइल, एसएई २०.

इथेनॉल खातं कशाला? जुन्या रबरी नळ्या आतून फुगून पापुद्रे सुटतात. नव्या घेताना इंधन-इंजेक्शनच्या दर्जाच्या, इथेनॉल चालतं असं छापलेल्याच घ्या, बाजारात पाण्याची नळी पेट्रोलची म्हणून विकली जाते. टीडीच्या जेटमध्ये बुचाच्या लाकडाची सील असतात, ती सुकली की कार्बोरेटर खालून गळतो. व्हिटॉन रबराची लावा, फ्लोटच्या सुईचं टोकही व्हिटॉनचं. टाकीला पूर्वी आतून लेप दिलेला असेल तर तो सुटून फिल्टरमध्ये कातडीसारखा अडकतो. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका. दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषतं, हद्द ओलांडली की दोघं मिळून तळाशी बसतात आणि दिवाळीत पहिल्या सेल्फला इंजिन पाणीच पितं. टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

रेडिएटरबद्दल. बोअरचं पाणी ओतत असाल तर तो क्षाराने भरलाय, दुसरं काही शोधू नका. काळ्या पाषाणातलं आपलं पाणी जड. किराणा दुकानात लिंबाचं सत मिळतं, दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम घालून इंजिन वीस मिनिटं गरम चालवा, सोडा, दोनदा साध्या पाण्याने धुवा. मग रेडिएटर सोडून उलट दिशेने पाणी मारा. ब्लॉकच्या बाजूचा निचऱ्याचा नळ उघडून तारेने कोरा, चिखल मागच्या सिलिंडरभोवती साचतो आणि वरून धुऊन निघत नाही. हेड अॅल्युमिनियमचं असलेल्या गाडीत हे द्रावण रात्रभर ठेवायचं नाही. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि तिसरा हिस्सा कूलंट. दाबाचं झाकण लावा असं कुणी सांगेल. दर एक पौंड दाबाला उकळबिंदू दीडेक अंशाने चढतो हे खरं, पण सत्तर वर्षांचा रेडिएटर तो दाब शिवणीवर सोसत नाही. एवढं करूनही तापली तर टायमिंग मागे पडलंय का ते पाहा.

याच टीडीचं काम मित्राने माझ्याकडे दिलंय. माझे जुने व्हिटवर्थ पाने डोक्यावर फिट बसतात, पण व्हिटवर्थ बोल्ट आत जात नाही. असं कसं?
निवृत्त लोको फिटर, भुसावळ

दादा, तुमचे पाने बरोबर आहेत, बोल्ट चुकीचा आहे. टीडीच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाची! मॉरिसचा इंजिन कारखाना आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. १९२३ मध्ये तो विकत घेतला तो फ्रेंच यंत्रांसकट, आटे तेच राहिले. इंग्रज फिटरकडे पाने मात्र व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तशी. ८ मिमीच्या बोल्टला बारीक, १ मिमीचा आटा लागतो. बाजारातला नेहमीचा ८ मिमी १.२५ चा, तो जोर लावून घातला तर ब्लॉकचे आटे गेले. इंजिन सोडून बाकी गाडीला बीएसएफ, म्हणजे बारीक ब्रिटिश आटे. पुढच्या बीएमसी गाड्यांना, अॅम्बेसेडरसकट, यूएनएफ, म्हणजे अमेरिकी पद्धतीचे बारीक इंची आटे. तिथे तुमचे व्हिटवर्थ पाने चालणार नाहीत, चार सुतीचा एएफ पाना (डोक्याच्या रुंदीवरून मोजलेला) १२.७ मिमीचा असतो, त्या जागी १३ चा लावला की डोकं गोल होतं. सहा सुती मात्र १९ च्या पान्याने निघतो.

‘हिंदुस्थान टेन’मधला टेन म्हणजे दहा हॉर्सपॉवर का? जुन्या इंजिनांचा स्ट्रोक एवढा लांब का?
अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अमळनेर

टेन हा करातला आकडा, ताकदीचा नाही. ब्रिटनमध्ये कर बोअरवरून बसे: बोअर इंचांत घ्या, वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा, २.५ ने भागा. हिंदुस्थान टेनची मूळ मॉरिस टेन ६३.५ मिमी, म्हणजे बरोबर अडीच इंच बोअरची. ६.२५ गुणिले ४, भागिले २.५: दहा. प्रत्यक्ष ताकद तिच्या साडेतीन पट. स्ट्रोकवर कर नव्हता, म्हणून आखणाऱ्यांनी बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब ठेवला. खालच्या वेगात असं इंजिन छान ओढतं, पण पिस्टनचा प्रवास लांबल्याने फार वेगाने फिरवता येत नाही. १९४८ पासून सरसकट १० पौंड कर झाला तरी कारखान्यांतली यंत्रं आणि सवयी तशाच राहिल्या. जग्वारचं एक्सके इंजिनही ८३ बाय १०६ मिमीचं.

जग्वार एक्सजे६, मालिका दोन, ४.२ लिटर विकत मिळतेय. शर्यतीचंच इंजिन आहे म्हणतात. काय बघावं?
डॉक्टर, नंदुरबार

जग्वारची गंमत एमजीच्या उलट. विल्यम लायन्स यांना एक्सके इंजिन मोठ्या सलूनसाठी हवं होतं. ती सलून, मार्क सात, १९५० पर्यंत तयार होणार नव्हती, म्हणून १९४८ च्या लंडन प्रदर्शनात नुसतं इंजिन दाखवायला एक्सके१२० ही स्पोर्ट्स कार घाईने उभी केली. लोकांनी तीच डोक्यावर घेतली. त्याच इंजिनाच्या सुधारित रूपांनी ल मान्सची शर्यत १९५१, ५३, ५५, ५६ आणि ५७ ला जिंकली. १९६१ च्या ई-टाइपचं स्वतंत्र मागचं सस्पेन्शन १९६८ च्या एक्सजे६ मध्ये आलं, म्हणून एवढी जड गाडी एवढी मऊ चालते.

बघायचं ते असं. इंजिन पूर्ण गरम करून ३,००० फेऱ्यांवर ऑइलचा दाब ४० पौंड दाखवला पाहिजे. डॅशवरचं विजेचं मीटर खोटं बोलतं, साधं यांत्रिक गेज जोडून खात्री करा. वरच्या साखळीची खडखड सोपी, खालच्या साखळीला इंजिन उतरवावं लागतं. क्रँकच्या मागच्या सीलमधून गळती असेल तरी तेच. गाडी उचलून मागे बघा: ब्रेकच्या डिस्क चाकात नसून डिफरन्शिअलला चिकटून आहेत. ब्रेकच्या उष्णतेने त्याची सील भाजतात आणि ऑइल डिस्कवर उडतं. आतल्या पत्र्यावर काळा चिकट पट्टा दिसला तर समजा, डिस्क बदलायला संपूर्ण मागची पिंजरा-चौकट खाली घ्यावी लागेल. दोन्ही मागच्या मडगार्डमध्ये एकेक टाकी आहे, ती तळातून गंजते. स्विच दोन्हीकडे फिरवून गाडी चालवून बघा. मालिका एकची २.८ लिटर कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, तिच्या पिस्टनना भोकं पडतात.

लग्नसराईत भाड्याने द्यायला १९७४ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो बघतोय. ब्रेक ऑइल कमी आहे, कोणतंही डॉट ४ टाका म्हणाले. आणि विंटेज नंबर घेतला तर चालेल का?
कार्यक्रम व्यावसायिक, जळगाव

डॉट ४ टाकू नका. शॅडोचे ब्रेक आणि मागची उंची सावरणारी यंत्रणा सिट्रोएनच्या परवान्यावरची, इंजिनावरच्या दोन पंपांनी उच्च दाबाची. तिला आरआर३६३ नावाचं खास द्रव लागतं, ते पंपाला वंगणही देतं. साध्या ब्रेक ऑइलने पंप घासतात. याहून वाईट म्हणजे १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटचं हिरवं मिनरल ऑइल हिच्यात ओतणं, त्याने सगळी रबरी सील फुगतात आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो. घेण्याआधी एक चाचणी: इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा, चावी पुन्हा चालू ठेवा आणि ब्रेक मोजत दाबा. वीस-पंचवीस दाबांनंतर डॅशवर लाल दिवे लागले तर दाब साठवणारे गोळे ठीक. पाच-सहांतच लागले तर त्यांतला वायू संपलाय, किंमत तेवढी पाडून मागा.

नंबरबद्दल नीट ऐका. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरण ५,००० रुपये. अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म २०, सोबत विमा आणि जुनं आरसी. पण ही गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच. म्हणजे वरातीचं भाडं घेतलं की नियम मोडला, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवेल. साध्या खासगी नंबरवरही भाडं घेता येत नाही. धंदाच करायचा असेल तर सौद्याआधी एमएच-१९ च्या कार्यालयात जाऊन या वयाच्या गाडीला प्रवासी वाहतुकीची नोंदणी आणि परवाना मिळेल का, ते लेखी विचारा.

हेराल्डला मोबाइलचा चार्जर जोडला, लगेच धूर निघाला. वायरिंग तर नवीन आहे.
एक वाचक, चोपडा

बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडलीय ते बघा. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांचा प्लस बॉडीला असे. दिवे आणि सेल्फला फरक पडत नाही, चार्जर आणि रेडिओ मात्र जळतात. उलटवायचं असेल तर बॅटरी फिरवून बसवा, मायनस बॉडीला. कॉइलच्या दोन बारीक तारा अदलाबदल करा. अॅमीटर असेल तर त्याच्याही. मग डायनमोला नवी दिशा शिकवावी लागते: एफ खुणेच्या टोकावरची तार काढा आणि बॅटरीच्या प्लसची तार त्या टोकाला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, ठिणगी उडेल, तेवढं पुरे. हे विसरलात आणि इंजिन सुरू केलंत तर कटआउटचे (डायनमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून डायनमोच जळेल. डायनमो लुकास सी४० असेल तर तो पुरता वेग धरल्यावर २२ अँपिअर देतो, पंखा, हेडलाइट आणि दोन मोबाइल एकदम लावले तर रात्री बॅटरी उतरेल. चार्जरच्या प्लसवर ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका.